पाहण्याजोगे प्राणिसंग्रहालय कोणते?

वार्षिक परीक्षा आटोपल्या म्हणजे खेड्यापाड्यांतूनही प्रवासाचे बेत होऊ लागतात. करमाळे तालुक्यातील केम हे तर रेल्वेच्या हमरस्त्यावरचे गाव. १८६० मध्ये सोलापुरापर्यंत लोहमार्ग पोहोचला, तेव्हापासून एका बाजूस पुणे-मुंबई व दुसऱ्या बाजूस सोलापूर, वाडी व हैदराबाद अशा दोन्ही दिशा या गावास मोकळ्या झाल्या. मुलांस कोठे न्यावे असा प्रश्न निघाला, की देवदर्शनाच्या खालोखाल नाव निघते ते प्राणिसंग्रहालयाचे. वाघ-सिंह डोळ्यांनी पाहावे ही इच्छा मुलांची असते, तशी ती मुलांच्या आजीचीही असते. आणि तीत गैर काही नाही. परंतु कोणते संग्रहालय पाहावे, हे ठरविताना ज्या एका गोष्टीचा विचार व्हावयास हवा, नेमका तिचाच विचार होत नाही, असे आम्हांस दिसते. भाडे किती पडेल, वाघ आहे की नाही, जवळ खाण्यापिण्याची सोय कशी आहे, एवढे विचारून लोक निघतात. ज्या केमच्या कुंकवाची ख्याती दूरवर गेली, त्या गावातला व्यापारी कुंकवाची चिमूट बोटांवर घासून तिचा कस पाहिल्यावाचून सौदा करणार नाही. मग घरातील चार माणसांची वर्षाची शिल्लक जेथे खर्ची पडावयाची, तेथे कस पाहण्याचे त्याने का टाळावे?

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगतो. प्राणिसंग्रहालय हा तमाशा नव्हे, ती शाळा आहे. आणि शाळा निवडताना इमारतीचा रंग न पाहता आत काय शिकविले जाते व विद्यार्थ्यांस कसे वागविले जाते हे आपण पाहतो, त्याच न्यायाने संग्रहालयाची निवड झाली पाहिजे. जेथे प्राणी दुःखात आहे, तेथे माणूस काही शिकत नाही. उलट दुसऱ्याचे दुःख पैसे देऊन पाहण्याची सवय मात्र त्याच्या अंगी जडते. ही सवय मुलांस लावावयाची, की सजीव सृष्टीविषयी जिज्ञासा व दया लावावयाची, हा येथला खरा प्रश्न आहे.

पूर्वी या बाबतीत निवडीला जागाच नव्हती. जनावरे पाळणे हा राजेरजवाड्यांचा षोक होता. सवाई माधवराव पेशव्यांचा पर्वतीच्या पायथ्याजवळील शिकारखाना इतिहासप्रसिद्धच आहे. रयतेच्या वाट्यास येई तो दरवेशाचे अस्वल, माकडवाल्याचे माकड किंवा फार तर सर्कशीतील सिंह. १८८० मध्ये विष्णुपंत छत्रे यांनी हिंदी सर्कस उभी करून परदेशी खेळवाल्यांपुढे आपण उणे नाही हे दाखविले, याचा महाराष्ट्रास रास्त अभिमान वाटला. पण त्या काळी जनावराकडे पाहण्याची दृष्टी एकच होती: ते आपल्या करमणुकीसाठी आहे. पुढे ही दृष्टी बदलली, निदान कायद्याची तरी बदलली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले, आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन होऊन त्याच्या मान्यतेवाचून कोणीही संग्रहालय चालवू नये असे ठरले. १९९८ मध्ये वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल व माकड यांस खेळात नाचविण्यास बंदी झाली व २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कायदा एवढा पुढे गेला. प्रेक्षकाची आवड मात्र पुष्कळ ठिकाणी अद्यापि दरवेशाच्या अस्वलाभोवतीच घुटमळत आहे. सुधारणा हवी ती येथे.

तेव्हा कस पाहावयाचा तो कोणत्या गोष्टींवर? आमच्या मते चार गोष्टी पाहिल्या म्हणजे पुरे.

पहिली गोष्ट मान्यतेची. संग्रहालयास केंद्रीय प्राधिकरणाची मान्यता चालू आहे की नाही, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. हे काम अवघड नाही. प्राधिकरण मान्यताप्राप्त संग्रहालयांची यादी प्रसिद्ध करीत असते. सोलापुरास महानगरपालिकेने महात्मा गांधींच्या नावाने प्राणिसंग्रहालय स्थापिले. गावोगावच्या नगरपालिकांनीही अशीच लहानमोठी संग्रहालये बागेच्या एका कोपऱ्यात उभारली. जवळचे म्हणून किंवा आपल्या जिल्ह्याचे म्हणून यांपैकी कोणासही सूट देऊ नये. पहिला प्रश्न मान्यतेचाच विचारावा. शहरातील अपुऱ्या जागेत, अपुऱ्या पैशांत व पशुवैद्याच्या अपुऱ्या मदतीवर जनावरे ठेवण्यापेक्षा ती न ठेवणे हाच मोठेपणा होय.

दुसरी गोष्ट जागेची व आडोशाची. १९०७ मध्ये जर्मनीत हांबुर्गजवळ कार्ल हागेनबेक याने गज काढून टाकले आणि प्राणी व प्रेक्षक यांच्यामध्ये खंदक ठेवला. तेव्हापासून पिंजऱ्याची कल्पनाच पालटली. आज चांगल्या संग्रहालयाची खूण ही, की तेथे प्राण्यास प्रेक्षकाच्या दृष्टीआड होता येते. आमच्या लोकांस याचाच राग येतो. ‘पैसे दिले आणि वाघ दिसला नाही’ अशी कुरकूर आम्ही पुष्कळदा ऐकली आहे. पण झुडपाआड निजलेला वाघ हा व्यवस्था चांगली असल्याचा पुरावा आहे, आणि गजांपुढे त्याच त्या आठ पावलांत दिवसभर येरझारा घालणारा वाघ हा ती वाईट असल्याचा. एकाच जागी डोलत राहणारा हत्ती, स्वतःची पिसे उपटणारा पक्षी, स्वतःचेच अंग चावणारे माकड ही सारी कोंडलेपणाच्या आजाराची लक्षणे आहेत. मुलांस ती ओळखावयास शिकवावे; ‘बघा कसा नाचतो’ असे म्हणून हसवू नये.

तिसरी गोष्ट वंशरक्षणाची. संग्रहालयात केवळ नवलाईचे प्राणी जमविले आहेत, की ज्यांचा वंश संकटात आहे अशांची जोपासना होते, हे पाहावे. येथे कोणी असा आक्षेप घेईल, की प्राणी मुळात कोंडावेच कशाला? सगळेच सोडून द्यावे, म्हणजे निवडीची पीडाच मिटली. आक्षेप दयेपोटी आलेला आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. अरबस्तानातील ओरिक्स नावाचे पांढरे हरिण १९७२ च्या सुमारास रानातून नाहीसे झाले. परंतु त्यापूर्वीच, १९६३ पासून, अमेरिकेतील फिनिक्स येथील संग्रहालयात त्याचा कळप वाढविण्यात येत होता, म्हणून १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात त्यास पुन्हा सोडता आले. संग्रहालय नसते तर ते हरिण आज चित्रातच उरते. आपल्याकडील गिधाडांचेही असेच. गुरांस देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावरांतून पोटात जाऊन गिधाडे लाखांनी मेली. २००६ मध्ये त्या औषधाच्या जनावरांसाठी होणाऱ्या वापरास बंदी झाली, आणि हरियाणातील पिंजोर येथील केंद्रात गिधाडांची वीण करून त्यांचा वंश टिकविण्याचा उद्योग चालू आहे. मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की आकाशातून उतरणारी गिधाडे ज्यांनी लहानपणी पाहिली आहेत, त्या आमच्या वृद्ध वाचकांस या कामाचे मोल निराळे सांगावयास नको. तात्पर्य, कोंडणे हे सर्वथा पापही नव्हे व सर्वथा पुण्यही नव्हे. ते कशासाठी व कसे, यावर सारे अवलंबून आहे.

चौथी गोष्ट शिक्षणाची. पिंजऱ्यापुढील पाटीवर मराठीत किंवा त्या प्रांताच्या भाषेत प्राण्याची माहिती आहे काय? ती वाचून मुलास घरी आल्यावर उपयोगी पडेल असे काही कळते काय? विचारल्यास उत्तर देणारा मनुष्य तेथे आहे काय? नसल्यास ती शाळा बिनपंतोजीची समजावी.

या चार गोष्टींच्या कसोटीवर आता काही ठिकाणे पारखून पाहू.

केमकरांस सर्वांत सोयीचे म्हणजे पुण्याचे कात्रज. पुणे महानगरपालिकेने १९५३ मध्ये सारसबागेजवळ पेशवे पार्क उभारले. १९५६ पासून धावणाऱ्या तेथील फुलराणीमुळे ते महाराष्ट्रभर मुलांच्या तोंडी झाले. परंतु भर शहरातील ती जागा वाघ-हत्तींस अपुरी होती, म्हणून १९९९ मध्ये संग्रहालय कात्रजला नेण्यात येऊन तेथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय झाले. तलाव धरून सुमारे १३० एकरांची ही जागा आहे व प्राण्यांसाठी खंदकांची मोकळी आवारे आहेत. पण केमच्या शेतकऱ्याने कात्रजला जावे असे आम्ही म्हणतो ते वाघासाठी नव्हे, सापांसाठी. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये येथे सर्पोद्यान सुरू झाले. २००० ते २०१९ या वीस वर्षांत हिंदुस्थानात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षास सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी जाती कशा दिसतात, धामण बिनविषारी असून उंदीर खाऊन शेतकऱ्यावर उपकार कशी करते, हे ज्या मुलाने एकदा काचेपलीकडे नीट पाहिले, ते मूल धामणीवर काठी उगारणार नाही. आणि घरात कोणास साप चावला तर मांत्रिकाकडे न धावता दवाखान्याची वाट धरील. प्रतिविष दवाखान्यात मिळते, देवऋष्याच्या अंगाऱ्यात नाही, एवढे एक ज्ञान घेऊन मूल परतले तरी गाडीभाडे शतपटीने वसूल झाले असे समजावे.

मुंबईची राणीबाग, म्हणजे आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये लोकांस खुली झाली. तेथील जुने वृक्ष पाहण्यास जाण्याची शिफारस आम्ही निःशंकपणे करतो. इतका वनस्पतिसंग्रह शहराच्या पोटात क्वचितच आढळेल. २०१६ मध्ये तेथे परदेशातून आठ हंबोल्ट पेंग्विन आणले. त्यांपैकी एक त्याच वर्षी मेला. राहिलेल्यांसाठी थंडगार काचघर करून २०१७ मध्ये ते लोकांस दाखविण्यात आले व पुढे त्यांची वीणही झाली. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरील पक्षी मुंबईत वाढविण्याचे कौशल्य आम्ही नाकारीत नाही. आमचा प्रश्न वाचकांस आहे. जे मूल पेंग्विनचे नाव जाणते, त्यास आपल्या माळावरील माळढोक ठाऊक आहे काय? नसल्यास दोष पेंग्विनचा नव्हे. कोणता प्राणी पाहण्याजोगा हे ठरविणाऱ्या आपल्या दृष्टीचा आहे.

नागपुराजवळ गोरेवाडा येथे २६ जानेवारी २०२१ रोजी मोठे प्राणिउद्यान खुले झाले. तेथे प्रेक्षक गाडीत बसतो व प्राणी मोकळ्या रानात फिरतात. म्हणजे कोंडलेला कोण व मोकळा कोण, याची अदलाबदल होते. लगतच्या बचाव केंद्रात जखमी व पकडलेल्या जनावरांची शुश्रूषा होते. विदर्भात आप्तस्वकीय असतील त्यांनी हा प्रवास अवश्य करावा.

परप्रांतात जावयाचे तर हैदराबादेचे नेहरू प्राणिउद्यान केमकरांस आगगाडीने सोयीचे. १९६३ मध्ये खुले झालेल्या या उद्यानाचा विस्तार ३८० एकरांचा असल्यामुळे प्राण्यांस जागेची वाण नाही. म्हैसूरचे चामराजेंद्र प्राणिउद्यान १८९२ इतके जुने. राजवाड्याच्या षोकातून निघालेली संस्था लोकोपयोगी कशी बनते, याचा तो धडाच आहे. कोणाही गृहस्थाने वर्गणी देऊन एखाद्या प्राण्याच्या वर्षभराच्या पोषणाचा भार उचलावा, अशी तेथील दत्तक योजना आमच्या पालिकांनी उचलण्याजोगी आहे. २०२२ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने केलेल्या मूल्यमापनात दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू उद्यानास पहिला, चेन्नईजवळील वंडलूरच्या उद्यानास दुसरा व म्हैसुरास तिसरा क्रमांक मिळाला. दार्जिलिंग आकाराने मोठे नाही. परंतु लाल पांडा व हिमबिबट्या यांच्या वंशरक्षणाचे काम तेथे होते. आकार आणि योग्यता या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे यावरून दिसून येईल. जाण्यापूर्वी साप्ताहिक सुट्टीची मात्र खात्री करून घ्यावी. पुण्या-मुंबईची ही उद्याने बुधवारी, म्हैसूरचे मंगळवारी व हैदराबादचे सोमवारी बंद असते. प्राण्यांस आठवड्यातून एक दिवस माणसांपासून विसावा मिळतो, ही योजना आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

इतके सांगून झाल्यावर आता जे सांगावयाचे ते केमच्या अगदी दाराशी आहे. सोलापूर जिल्हा हा कोरड्या माळरानांचा. १९७९ मध्ये माळढोकासाठी येथे अभयारण्य घोषित झाले, तेव्हा त्याचा पसारा ८,४९६ चौरस किलोमीटरांचा असून करमाळे तालुकाही त्यात येत होता. पुढे ती हद्द पुष्कळच आखूड करण्यात आली. नान्नजच्या माळावर काळवीट व लांडगे आहेत. पण ज्याच्या नावाने अभयारण्य झाले, तो माळढोक तेथे आता दृष्टीस पडणे दुर्मीळ झाले आहे. साऱ्या देशातच त्यांची संख्या दीडशेच्या आत आली असून, राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढविण्याचा प्रयत्न चालला आहे. २०२४ मध्ये तेथे कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लू जन्मास आले. हे केंद्र प्रेक्षकांसाठी नाही. तरी आमच्या मते देशातील कोणत्याही संग्रहालयाहून त्याची योग्यता कमी नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. आणि केमच्याच लोहमार्गावर भिगवण येथे उजनीच्या पाणफुगवट्यात हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. काळवीट मोकळ्या माळावर उड्या घेताना पाहिल्यावर पिंजऱ्यातील हरिण मुलास निराळे दिसू लागेल, आणि संग्रहालयाची परीक्षा ते स्वतःच करू लागेल.

माळरानाच्या या गोष्टीस दुसरी बाजूही आहे, व ती विसरून उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे होईल. डिसेंबर २०२० मध्ये करमाळे तालुक्यात एका बिबट्याने तीन माणसांचे प्राण घेतले. तालुका दिवेलागणीलाच दारे लावून बसू लागला, उसाची तोड थबकली, आणि त्याच महिन्यात त्या बिबट्यास गोळी घालण्यात आली. ज्यांची माणसे गेली, त्यांस वन्यप्राण्यांवर दया करा असे सांगावयास जाणारा मनुष्य निर्दय होय. परंतु ते दिवस आठवून एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. बिबट्याविषयी आमच्या तालुक्यास तेव्हा ठाऊक तरी काय होते? तो उसात का राहतो, कोणत्या वेळी हिंडतो, वाकून किंवा बसून काम करणाऱ्या माणसास धोका अधिक का, मुलांनी एकटे का जाऊ नये, ही माहिती जुन्नरकडील गावांनी पुष्कळ वर्षांच्या अनुभवाने मिळविली. तेथे माणिकडोह येथे पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे. आमच्याकडे मात्र बिबट्या म्हणजे संग्रहालयातील एक ठिपकेदार जनावर, यापलीकडे बहुतेकांस ज्ञान नव्हते. संग्रहालये पाहून आलेली मुले तालुक्यात कमी नव्हती. पण तेथून त्यांनी आणले काय? उंटावरील फेरी, फुगा आणि वाघासमवेतचे छायाचित्र. शाळा पाहिली, धडा घेतला नाही. हा धडा न घेण्याची किंमत कधी जनावरास द्यावी लागते, तर कधी माणसास.

म्हणून केमच्या व आसपासच्या गावांच्या शाळासमित्यांस व पालकांस आमची अशी सूचना आहे. पहिल्या वर्षी मुलांस जिल्ह्यातील माळ व उजनीचे पाणी दाखवावे. खर्च थोडा व लाभ मोठा. दुसऱ्या वर्षी कात्रजला न्यावे, आणि दिवसाचा अर्धा वेळ सर्पोद्यानास द्यावा. दूरच्या उद्यानाचा विचार त्यानंतर. सहल निघण्यापूर्वी शिक्षकांनी पाच प्राणी निवडून त्यांची माहिती वर्गात सांगावी, व परतल्यावर प्रत्येक मुलाने एकाच प्राण्याविषयी लिहावे. शंभर प्राणी धावत पाहण्यापेक्षा पाच प्राण्यांपुढे अर्धा अर्धा तास उभे राहणे हजारपट बरे. मुलींस घरी ठेवून केवळ मुलग्यांची सहल काढण्याची चाल जेथे असेल तेथे ती मोडावी. सापाचा दंश मुलगा-मुलगी पाहून होत नाही.

शेवटी प्रेक्षकाच्या वर्तनाविषयी. प्राण्यांस डिवचणे, खाऊ घालणे, ओरडून त्रास देणे व आवारात केरकचरा टाकणे हा १९७२ च्या कायद्याच्या अडतीस-ज कलमान्वये गुन्हा आहे. पण कायद्याच्या धाकाने जे होते ते पहारेकऱ्याची पाठ फिरेपर्यंत टिकते. वडीलच माकडापुढे शेंगा फेकू लागले आणि मास्तरच निजलेल्या सिंहास हाक मारू लागले, तर मुलांनी कोणाकडे पाहावे? संग्रहालय निवडणे जसे आपल्या हाती आहे, तसे त्यास लायक प्रेक्षक होणेही आपल्याच हाती आहे. वाईट संग्रहालयाचे तिकीट लोकांनी घेतले नाही, तर ते सुधारेल किंवा बंद पडेल. चांगल्याचे घेतले, तर त्याचे काम वाढेल. मतपेटीत पडणाऱ्या मताइतकीच ताकद या तिकिटात आहे. केमच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ती जाणून वापरावी, एवढेच आमचे मागणे आहे.